न झालेल्या लग्नाचा पंचनामा

लांजेवार तलाठ्यांना न घडलेली गोष्ट लिहून द्यावी लागली ती त्यांच्या सगळ्या नोकरीत एकदाच, आणि ती माझ्या मोठ्या बहिणीसाठी.

ते गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. सिंदेवाहीच्या बाजारात तांदूळ घेत होते. दुकानदार माप भरता भरता म्हणाला, "लांजेवार तलाठी गेले न जी, मास्तरीणबाई. तुमाले मालूम नाई?" मी पिशवीचं तोंड धरून उभी राहिले. त्याने तांदूळ ओतला. घरी आल्यावर लक्षात आलं की मी तारीखसुद्धा विचारली नाही. त्यांनी आधी तीच विचारली असती.

ते आमच्या गावात तलाठी म्हणून आले तेव्हा मी नुकतीच शाळेत लागले होते. गाव सिंदेवाहीपासून सायकलने पाऊण तासावर. एका अंगाला भाताच्या बांध्या आणि बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, दुसऱ्या अंगाला जंगल. लांजेवार वरच्या आळीत एक खोली भाड्याने घेऊन राहत. उंच, वाळलेले, पांढरा पायजमा, पांढरा सदरा. सायकलच्या कॅरिअरवर लाल फडक्यात बांधलेलं दप्तर आणि त्याखाली घडी घातलेलं एक पोतं. खिशाला दोन पेनं. एक स्वतःला लिहायचं आणि एक लोकांना सही करायला द्यायचं. पहिलं पेन कोणाच्या हातात गेलेलं गावाने पाहिलं नव्हतं. एकदा तहसीलदारांनी सहज हात पुढे केला, तर त्यांनाही दुसरंच मिळालं.

त्यांच्या तोंडी एक प्रश्न कायम असे. "पाहिलं का तुम्ही?" कोणी येऊन सांगितलं की अमक्याने बांध कोरला, तमक्याच्या बांधीत डुकरं शिरली, की ते पेनाचं टोपण काढून विचारत, "पाहिलं का तुम्ही?" माणूस म्हणाला, "लोक म्हणून राह्यले," की टोपण परत बसे. ते रागावत नसत. फक्त टोपण बसे, आणि त्या आवाजाने माणूस ओशाळून निघून जाई.

एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब जीपने आले. चावडीसमोर उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, नाला गावापासून किती लांब आहे? सरपंच म्हणाले अर्धा किलोमीटर. पाटील म्हणाले, नाही, थोडा जास्त. साहेब लांजेवारांकडे वळले. लांजेवार म्हणाले, "मोजलं नाही, साहेब." आणि बिसन कोतवालाला घेऊन, मोजणीची साखळी खांद्यावर टाकून, नाल्याकडे निघाले. साहेबांना वाटलं असेल, येतील दोन मिनिटांत. साहेब चहा पिऊन गेले. आठ दिवसांनी जिल्ह्याच्या कचेरीत एक पत्र पोचलं. आपण तोंडी विचारलेल्या प्रश्नास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर नाला गावठाणाच्या हद्दीपासून सहाशे बारा मीटर अंतरावर आहे.

दुसरी गोष्ट वाघाची. जंगलाच्या कडेला एकाचा बैल वाघाने मारला. भरपाईसाठी पंचनामा हवा. लांजेवार दोन पंच आणि बिसन यांना घेऊन सकाळीच गेले. वाघ बैलावर परत आलेला होता. चौघं जण मोहाच्या झाडावर चढले आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. लांजेवारांनी दप्तर वर नेलेलं असल्यामुळे वेळ वाया गेला नाही. झाडावर बसून लिहिलेल्या त्या पंचनाम्यात शेवटचं वाक्य असं होतं: "वाघ घटनास्थळी समक्ष हजर होता, परंतु त्याचा जबाब घेणे शक्य झाले नाही." जंगलखात्याने ते प्रकरण एकही शंका न काढता मंजूर केलं. तसं तिथे सहसा होत नसे.

स्वतःबद्दल ते बोलत नसत. एकटे राहत, स्वतः रांधत. गावातल्या बायकांना हे सहन होत नव्हतं. एकीने शेवटी विचारलंच, "तलाठीभाऊ, लगन झालं का जी तुमचं?" लांजेवार म्हणाले, "नोंद आहे." लोक म्हणत की त्यांची बायको पहिल्याच वर्षी नागभीडला माहेरी गेली ती परत आली नाही. मी पाहिलेलं नाही.

चहाचे मात्र ते शौकीन होते. पाटलांच्या ओट्यावर बसून बशीत ओतून, फुंकर न घालता, दोन कप पीत. दुसरा कप ते मागून घेत. हे आमच्या आईने येता-जाता पाहिलेलं होतं. आमच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे तलाठ्याचा पाय आमच्या घराकडे वळायचं कारण नव्हतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आळीत बरंच बदललं होतं. शाळा आली, नोकऱ्या आल्या, आम्ही दोघी बहिणी शिकलो. वरच्या आळीतून खालच्या आळीत चहाला यायची रीत मात्र अजून पडली नव्हती. आई पाटलाच्या ओट्याकडे बघून पुढे जाई.

माझी बहीण रत्ना नागपूरला नर्सचं शिकली आणि तिथून पश्चिम जर्मनीतल्या एका इस्पितळात लागली. तिसऱ्या वर्षी तिचं पत्र आलं की तिला तिथल्या एका माणसाशी लग्न करायचं आहे. नाव डीटर, तो शहरात बस चालवतो, स्वभावाने शांत आहे. आईने मला पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बसच चालवते न? मंग इथी यष्टी नोती काय?"

पण दोन दिवसांनी तिनेच मला विचारलं, "ते कागदाचं काय म्हन्ते पोट्टी?"

कागदाचं असं होतं. तिथल्या लग्नाच्या कचेरीला रत्ना अविवाहित असल्याचा तिच्या गावच्या सरकारचा दाखला पाहिजे होता. मार्चअखेर तिची तिथे राहायची मुदत संपत होती. लग्न त्याआधी झालं तर ती राहणार, नाहीतर सामान बांधून परत येणार. पत्र मिळालं तेव्हा डिसेंबर अर्धा झाला होता.

रत्नाने स्वतःच्या हाताने लिहून, सही करून पत्रासोबत पाठवलेला अर्ज घेऊन मी तहसीलीत गेले. कारकुनाने कपाट उघडून सगळे नमुने पाहिले. जन्माचा होता, उत्पन्नाचा होता, रहिवासाचा होता, ऐपतीचा होता. लग्न न झाल्याचा नव्हता. "असा नमुनाच नाही, बाई," तो म्हणाला, जणू नमुना नाही म्हणजे अशी मुलगीही असू शकत नाही. तहसीलदारांनी अर्जाच्या कडेला लिहिलं, तलाठी यांनी चौकशी करून अहवाल सादर करावा.

लांजेवार पुढच्या रविवारी आले. आईने ओट्यावर नवी चटई टाकली. त्यांनी कॅरिअरवरचं पोतं काढलं, चटईच्या शेजारी अंथरलं आणि त्यावर बसले. आईने पाण्याचा गडवा आणला.

"नको, बाई."

"चहा ठेवते."

"चहा नको."

बिसन कोतवाल आमच्याच आळीतला. तो पाणी प्याला, चहाही प्याला. आई आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. "पाह्यलं का?" ती मला हळूच म्हणाली. "पोतं घेऊन फिरते घरचं. पाटलाकडं दोन कप ढोसते." मलाही तेच वाटत होतं.

बाहेर लांजेवारांनी पेनाचं टोपण काढलं होतं. "मुलगी अविवाहित आहे म्हणता. पाहिलं का तुम्ही?"

आई दारात आली. "जे झालं नाई ते कसं पाह्यचं जी?"

लांजेवारांनी टोपण बसवलं नाही. त्यांचं पेन हातात तसंच राहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. याला रीत शोधावी लागेल."

त्यांना जमिनीची रीत माहीत होती. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जायची असली की तलाठी चावडीवर नोटीस लावतो, कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा म्हणून. हरकत आली नाही तर नोंद पक्की होते. लांजेवारांनी तेच केलं. तिसऱ्या दिवशी चावडीच्या फळ्यावर, एका बांधीच्या वाटणीच्या आणि मासोळीच्या लिलावाच्या मध्ये, माझ्या बहिणीची नोटीस लागली. संध्याकाळी बिसन डफडं घेऊन फिरला.

"ऐका हो ऐका! रत्नाबाईचं लगन ज्याच्यासंगं झालं असन, त्यानं पंधरा दिवसांत चावडीवर येऊन सांगावं हो!"

पहिल्या आठवड्यात दोन स्थळं आली. एका म्हाताऱ्याने लिलाव किती वाजता आहे असं विचारलं, कारण आमच्याकडे डफडं बहुतेक त्याच कामासाठी वाजे. आई पदर खोचून चावडीवर गेली. मी मागून गेले.

"माही पोट्टी वावर हाये का जी, तिची नोटीस लावाले?"

लांजेवार उठून उभे राहिले. बाई माणूस आलं की ते उठत. "नाही, बाई," ते म्हणाले. "वावर असतं तर सोपं होतं. वावराला नकाशा असतो."

आई वळली. घरी येईपर्यंत ती मलाच बोलत राहिली.

पंधरा दिवस बिनहरकत गेले असते तर माझ्याजवळ लिहायला फार काही नव्हतं. तेराव्या दिवशी माझी आत्या आली. ती वैनगंगेपलीकडची. तिचं गाव नुकतंच नव्या गडचिरोली जिल्ह्यात गेलं होतं. रत्ना लहानपणी पाच वर्षं तिच्याकडे शाळेसाठी राहिली होती. बाजारात कोणीतरी तिला डफड्याचं सांगितलं होतं. ती आमच्या घरी न येता सरळ चावडीवर गेली आणि तिने हरकत लिहून दिली. तिच्या भावाने, म्हणजे आमच्या बाबांनी, रत्ना नऊ वर्षांची असताना शब्द दिला होता. तिच्या अंबादासशी तिचं नक्की झालं होतं. "माह्या पोराची बायको हाये ते," असं तिने लिहायला लावलं.

बाबा जाऊन सात वर्षं झाली होती.

लांजेवारांनी तिला विचारलं, "पाहिलं का तुम्ही?"

"नाई तं काय! मीच होती नं समोर. माह्याच घरी झालं. मी पाह्यलं."

तो प्रश्न त्यांनी हजारदा विचारला असेल. समोरच्या माणसाने छातीवर हात ठेवून असं उत्तर देणं विरळा. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

जानेवारी अर्धा झाला होता. पत्र पोचायला पंधरा दिवस, नागपूरला भाषांतर करून घ्यायला आठवडा. मी बोटांवर हिशेब करून संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. ते भाताला आधण ठेवत होते. मी दारातूनच म्हणाले, "भाऊ, बोलणं म्हणजे लग्न नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे. लिहून टाका ना."

"मला माहीत आहे ते लिहायचं नसतं, मास्तरीणबाई. तुमच्या आत्याने काहीतरी पाहिलं आहे. काय पाहिलं ते आधी पाहावं लागेल."

"तोवर ती परत येईल."

"हो," ते म्हणाले. "ते आहे." आणि तांदूळ निवडायला बसले. त्या दिवशी मला ते अजिबात आवडले नाहीत. घरी जाऊन मी रत्नाला पत्र लिहायला घेतलं आणि दोन ओळींनंतर फाडलं.

दुसऱ्या दिवसापासून ते दोन दिवस दिसले नाहीत. नदीपलीकडचं गाव त्यांच्या हद्दीत नव्हतं, त्यांच्या जिल्ह्यातही उरलं नव्हतं, म्हणून ते स्वतःची रजा टाकून गेले होते. सायकल डोंग्यात घालून नदी ओलांडली. बिसन सोबत होता, त्याने नंतर सांगितलं. आत्याच्या गावात त्यांनी शाळेचं जुनं हजेरीपुस्तक पाहिलं, चार म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांनी सांगितलं की बोलणं झालं होतं, गूळ वाटला होता. मांडव कोणी पाहिला नव्हता. अंबादासचं विचारलं तर तो मोहर्लीला जंगलखात्याच्या नाक्यावर रोजंदारीने होता. लांजेवारांनी त्याला पोस्टकार्ड टाकलं. नागपूरच्या नर्सिंग वसतिगृहालाही एक टाकलं. तिथल्या मेट्रनचं उत्तर लगेच आलं, की आमच्या मुलींना रविवारी दोन तासांपलीकडे बाहेर सोडलं जात नाही, तेवढ्यात लग्न उरकणं अशक्य आहे. तेही त्यांनी दप्तराला जोडलं.

सुनावणी चावडीत झाली. आत्या एका बाकावर, आई समोरच्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. अंबादास पहिल्या एसटीने आला. खाकी सदरा, पायात टायरच्या चपला, हातात टोपी. मी त्याला बऱ्याच वर्षांनी पाहत होते. तो दाराशीच उभा राहिला. लांजेवारांनी त्याला बसायला सांगितलं, तरी बसला नाही.

"रत्ना हिच्याशी तुमचं लग्न झालं आहे का?"

"बोलनं झालं होतं."

"लग्न?"

अंबादासने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "रत्ना काय म्हन्ते?"

लांजेवारांनी रत्नाचा अर्ज काढून वाचून दाखवला. मी अविवाहित असून माझा विवाह आजपावेतो कोणाशीही झालेला नाही. आवाज अगदी सातबारा वाचल्यासारखा.

"तिनंच लिवलं?"

"सही तिची आहे."

"पाहू."

लांजेवारांनी कागद त्याच्या हातात दिला. तो कागद घेऊन उजेडाला, दारात गेला. आम्हाला त्याची पाठ दिसत होती. बाहेर बिसन बिडी विझवून उभा राहिला. मग अंबादास परत आला आणि कागद टेबलावर सरळ ठेवला.

"तिचंच अक्षर हाये," तो म्हणाला. "लगन नाई झालं. लिहा."

"अरे पोट्ट्या!" आत्या उठली. "काऊन खोटं बोलून राह्यला? मी इतके वर्सं कायले थांबली? तुले तीन-तीन पोरी दाखवल्या, तू नाई म्हने. कोनासाठी नाई म्हने, सांग न आता!"

"माय, तू बस. नाई झालं तं नाई झालं."

आत्या बसली. पदराने तोंड पुसू लागली. लांजेवार लिहीत होते. निबेचा आवाज येत होता.

"अजून येक लिहा," अंबादास म्हणाला. "माही हरकत नाई म्हून."

"हरकत तुमच्या आईची होती. तुमची नव्हतीच. ते लिहायची गरज नाही."

"तरी बी लिहा न जी. थो कागद तिले दिसन न?"

"इंग्रजीत होऊन जाईल."

"जाऊ द्या."

लांजेवारांनी लिहिलं. मग कागद त्याच्यापुढे फिरवला आणि सहीसाठी हातातलं पेन त्याला दिलं. ते पहिलं पेन होतं. बिसनने माझ्याकडे पाहिलं. अंबादासला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याने सावकाश सही केली, पेन परत दिलं, आईला दंडाला धरून उठवलं. जाताना आमच्या आईच्या पाया पडला. "येतो, मामी," म्हणाला.

लांजेवारांचा अहवाल सात पानांचा झाला. त्यात रत्नाचं वर्णन होतं, ती कुठे कुठे किती वर्षं राहिली ते होतं, नोटिशीची प्रत, डफड्याची तारीख, मेट्रनचं पत्र, शाळेचा उतारा. शेवटच्या पानावर असं होतं: "इतर हक्क: निरंक. हरकत: एक. सुनावणीअंती निकाली. अंबादास यांनी आपली हरकत नसल्याचे स्वेच्छेने नमूद केले." त्याखाली एक टीप होती, की भारताबाहेर काही घडले असल्यास ते या तलाठी साज्याच्या कक्षेत येत नाही, त्याची खात्री तेथील कचेरीने करावी. तहसीलदारांनी सगळं वाचलं नसावं, कारण सही लगेच झाली.

कागद फेब्रुवारीत गेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रत्नाचं लग्न झालं. एप्रिलमध्ये पत्र आणि फोटो आला. तिने लिहिलं होतं की तिथल्या अधिकाऱ्याने सातही पानं वाचली, मग आपल्या वरिष्ठाला बोलावून त्यालाही वाचायला दिली. शेवटी म्हणाला, माझ्या नोकरीत इतकं अविवाहित मी कोणालाही पाहिलेलं नाही. शेवटचं पान तिने स्वतः मागून घेऊन पुन्हा वाचलं, एवढंच तिने अंबादासबद्दल लिहिलं होतं.

आईने फोटो मढवून आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला. मी म्हणाले, लांजेवारभाऊंना सांगून येते.

"कायले?" आई म्हणाली. "आपल्या घरचं पानी चालत नाई त्याले. आपली बातमी कायले पायजे?"

मी गेले नाही. हे मी कोणावर ढकलत नाही, मला जाता आलं असतं. त्यानंतर ते मला दोनदा रस्त्यात भेटले, सायकलवरून उतरले आणि विचारलं, "त्या कागदाची पोच आली का?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "तिकडची पत्रं उशिरा येतात." ते खरंच होतं. मग त्यांनी विचारणं सोडलं. कधी एखाद्या कामाने आळीत आले तर आमच्या कुंपणाशी क्षणभर थांबत. आई आतून गडव्याला हात लावून परत ठेवी.

चार वर्षं गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपार कलल्यावर, ते आले. पोतं काढून ओट्यावर अंथरलं. दप्तरातून एकच पातळ फाईल काढली.

"उद्या चार्ज देतो आहे," ते म्हणाले. "निवृत्त झालो. सगळं निकाली आहे. एवढं एकच प्रलंबित राहिलं. नवा माणूस विचारेल, त्याला काय सांगू?"

फाईलवर माझ्या बहिणीचं नाव होतं.

माझे कान तापले. "लग्न झालं, भाऊ," मी म्हणाले. "त्याच वर्षी. मार्चमध्येच."

त्यांनी टोपण काढलं. "तुम्ही पाहिलं का?"

"नाही. फोटो आहे."

"कुठे?"

"आत."

त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच येत होते. आई चुलीकडून सरकून कोपऱ्यात उभी राहिली. लांजेवारांनी परवानगी विचारून फोटो खिळ्यावरून काढला, दारातल्या उजेडात नेला, चष्मा वर करून पाहिला. चावडीच्या दारात अंबादासही कागद घेऊन असाच उजेडाला उभा राहिला होता.

"हे चालक?"

"हो. डीटर."

"आणि हे दोघे?"

"साक्षीदार. तिच्या इस्पितळातले."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना त्या अधिकाऱ्याचं सांगितलं, त्याने सात पानं वाचल्याचं, वरिष्ठाला दाखवल्याचं, आणि तो काय म्हणाला ते. लांजेवारांनी लक्ष देऊन ऐकलं. "तिथले लोक नियमाने चालणारे दिसतात," ते म्हणाले. मग फोटो जागेवर लावला, सरळ झाला की नाही हे दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, आणि उभ्यानेच फाईलवर लिहिलं: विवाहाचे छायाचित्र समक्ष पाहिले. प्रकरण निकाली. खाली तारीख. टोपण बसलं.

मग ते ओट्यावर न जाता तिथेच, आईच्या चटईवर बसले.

"बाई," ते म्हणाले, "आता चहा टाका."

आईने कोपऱ्यातूनच विचारलं, "आमच्या घरचा चालते तुमाले?"

लांजेवारांना प्रश्न कळला नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. "काऊन नाही चालणार?" ते म्हणाले. आमची बोली त्यांच्या तोंडी क्वचित येई. "ज्या घरचं काम हातात आहे तिथलं मी पाणी घेत नाही. बसायलाही माझंच घेतो. पाटलाच्या वाटणीची केस होती, त्या वर्षी त्याच्याकडेही घेतला नाही. बिसनला विचारा."

"चार वर्सं?" आई म्हणाली.

"पोच आली नव्हती ना, बाई."

आई स्वयंपाकाकडे गेली. बराच वेळ झाला तरी चहा येईना, म्हणून मी उठले. पाणी उकळून अर्धं झालं होतं आणि ती पत्तीचा डबा हातात धरून नुसती उभी होती. "त्याले साखर किती लागते?" तिने मला विचारलं. "लंबून पाह्यलं मी. साखर दिसत नाई लंबून." मग तिने पाणी वाढवलं.

तिने चहा स्वतः नेऊन दिला आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली नाही. एक कप संपला. कपबशी खाली ठेवून त्यांनी आईकडे पाहिलं.

"अजून आहे का?"

"हाये न जी," आई म्हणाली. "लय हाये."

आई पुढे सात वर्षं जगली. त्या दुपारबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. पण आळीतल्या बायकांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा ती त्यांना काय सांगे ते मी बरेचदा ऐकलं आहे. "मी पाह्यलं," असं सांगे.

लांजेवार पोतं झटकून, घडी घालून, कॅरिअरला बांधून निघाले. त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. बोडीच्या पाळीवरून पांढरा सदरा दूर जाताना, दप्तर नसल्यासारखी सायकल हलकी. पुढे ते नागभीडला गेले. लोक म्हणतात तिथे बायकोने त्यांना घरात घेतलं आणि शेवटपर्यंत तिनेच केलं. मी पाहिलेलं नाही.

चहाचं मात्र पाहिलं. दोन कप.